चष्मा काढून पाहिलेला चंद्र

२८ जाने., बुध.
...गेल्या थंडीतली ती सकाळ. मटकी उपसली, पाणी भरलं, बादलीभर कपडे घेऊन गच्चीवर गेले. हे आधीच वर. डोक्याला लोकरी टोपी, अंगावर माझीच शाल, चष्मा काढून कठड्यावर ठेवलेला आणि डोळा दुर्बिणीला. अष्टमीचा चंद्र शेजारच्यांच्या टाकीवर, चांगलं ऊन पडलेलं असताना. मी म्हटलं, "चष्मा पडेल खाली." तर म्हणे, "ती चादर पलीकडे वाळत घाल, चंद्र झाकतेस." एवढंच बोलणं. मग खाली येऊन पोहे केले.
त्याच आठवड्यात हे गेले. त्या सकाळनंतर दुर्बिणीला दुसऱ्या कुणाचा हात नाही.

आज हे सगळं वर आलं ते सरोजजींच्या फोनमुळे. जयपूरबाहेर, चौमूच्या पुढे त्यांची शाळा. ह्यांच्या चंद्र दाखवायच्या पहिल्या शिबिराला आल्या तेव्हा पदर नाकापर्यंत, दुर्बिणीत बघायलाही वर घेईनात. आता म्हणतात, "आंटीजी, सर के बाद किसी ने कैंप नहीं किया. इस बार हम टीचर लोग खुद करेंगे. आप परात लाना. और दूरबीन तो लानी ही है." दिवस ह्यांच्याच पद्धतीचा, फागुन बदी आठम, सकाळचा चंद्र. रात्रीचं शिबिर ह्यांनी कधी ठेवलंच नाही. रात्री शिक्षिकांना घरून कोण सोडणार?

परात आणते म्हटलं. दुर्बिणीचं बघू म्हटलं.
कॅलेंडर पाहिलं. फाल्गुन वद्य अष्टमी मार्चात. वेळ आहे.

१ फेब्रु., रवि.
मनूचा फोन, बेंगळुरूहून. सांगितलं तिला.
"आई, मतलब ती नुसती पडून आहे ना? दे ना मग. पप्पांना आवडलं असतं."
"देईन गं. पण ते चाक फिरवतील."
"कुठलं चाक?"
फोकसचं. ह्यांना लांबचं दिसत नसे, जाड भिंगं. दुर्बिणीत मात्र चष्मा काढूनच बघायचे आणि चाक आपल्या डोळ्याच्या बेताने फिरवून घ्यायचे. ते अजून तिथेच आहे. ह्यांना जिथे स्वच्छ दिसलं तिथे. मी अधूनमधून बघते. मला नुसतं सांडलेलं दूध दिसतं. चालतं मला.
मनू म्हणाली, "टेप लाव ना. मार्क कर, मग नंतर सेम जागेवर आण."
बरोबर आहे तिचं. पण नंतर आणलेलं ते मी आणलेलं असेल.
भाजी लागतेय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

५ फेब्रु., गुरु.
खालच्या भाभीजी चाळणी परत द्यायला आल्या. शिबिराचं सांगितलं, तारीख सांगितली. त्या हसायलाच लागल्या. "उस दिन तो बासोड़ा है! चूल्हा तक नहीं जलता, स्कूल की छुट्टी. कैंप किसका करोगी, शीतला माता का?"
मग लक्षात आलं. इथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. इथल्यांचं फागुन बदी म्हणजे आपलं माघ वद्य. म्हणजे येता सोमवार!
"तीस साल हो गए जयपुर में, महीना अब भी महाराष्ट्र से मँगवाती हो," भाभीजी.
हे दर जानेवारीत कॅलेंडरवर पेन्सिलीने इथले महिने लिहून ठेवत. यंदाचं कॅलेंडर कोरं आहे. मला सुचलं नाही.
महिनाभर ठरवायला आहे असं धरून बसले होते. आता चार दिवस.

७ फेब्रु., शनि.
सरोजजींना फोन केला, परात आणते, दुर्बीण नको. बरीच जुनी झालीय, वगैरे.
"कोई बात नहीं आंटीजी." लगेच म्हणाल्या. मग, "बच्चों को बोल दिया था. खैर. किताब में फोटो है, वही दिखा देंगे."
फोटो. हे असते तर वीस मिनिटं भाषण दिलं असतं.
दुपारी पीठ, हळदीची पुडी, गोट्या पिशवीत भरल्या. परातीचं काम पहिल्यापासून माझं. पीठ पसरायचं, वर हळद भुरभुरायची, मुलांनी वरून गोटी सोडायची. खड्डा पडतो, पांढरं पीठ चहूकडे उडतं. चंद्रावर असंच झालं. माझी शाळा नववीत सुटली. हे मी ह्यांच्या पुस्तकांतून वाचलं, अडेल तिथे त्यांना विचारून. आता अडतं तिथे अडूनच राहते.
चार वाजता परत फोन केला. आणते म्हटलं.
दुर्बीण शालीत गुंडाळली. चाकावर ह्यांचा रुमाल घट्ट बांधला.

९ फेब्रु., सोम.
झोटवाड्याहून पहिली बस. दुर्बीण मांडीवर. कंडक्टर, "माताजी, तोप है क्या?"
परात छान झाली. हळद सगळ्यांच्या नाकाला.
मग दुर्बीण. चंद्र शाळेच्या कडुनिंबाशेजारी, अर्धा. लावायला मला जमलं. पहिली पाचवीतली पिंकी. मी आधीच म्हटलं, नीट दिसणार नाही हं, जुनी आहे. तिने डोळा लावला आणि ओरडली, "गड्ढे! परात वाले गड्ढे!"
मला वाटलं, ऐकलेलंच बोलतेय. "किनारा कैसा है?" विचारलं. "कटा-फटा. एक गड्ढे के अंदर छोटी पहाड़ी है."
ती टेकडी हे दाखवायचे. मला त्या सकाळपासून दिसलेली नाही.
एकामागून एक सगळी मुलं. सगळ्यांना दिसलं, चाक न फिरवता. ह्यांना दिसलं तसंच.
बसमध्ये परत येताना उलगडलं. ह्यांच्या पुस्तकात होतं की. लहान डोळा स्वतःला सावरून घेतो. चाळिशीनंतर ते जमत नाही, म्हणून तर सुईत दोरा ओवायला मला चष्मा.
दुर्बिणीपासून बाजूला होताना पिंकीने विचारलं होतं, "अपना यान कहाँ है?" हा प्रश्न दर शिबिरात यायचा. मी ह्यांचंच उत्तर दिलं. आज जो अर्धा भाग अंधारात आहे, तिकडे. इथून दिसणार नाही.
"अब भी है?"
"है. वहीं है. बस बोलता नहीं."
"अच्छा," म्हणाली, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.
मग सरोजजी आणि दोघी शिक्षिका. तिघी चाळिशीच्या पुढच्या. सरोजजींनी पदर डोक्यावरून मागे टाकला, वाकल्या, बराच वेळ बघितलं. "मुझे तो सब सफ़ेद-सफ़ेद..." हात आपोआप चाकाकडे. सरांनी शिकवलेलं. रुमाल लागला हाताला. "आंटीजी, ये खोलूँ?"
मी म्हटलं, आधी मुलांचं होऊ दे. मुलांचं झालंच होतं. तरी परत रांग लावली. चंद्र कडुनिंबामागे गेला.
सरोजजींनी चहा दिला, वर मठरी. मुलांना दिसलं ते ज्यांनी शिकवायचं त्यांनाच नाही दिसलं. जाताना एवढंच, "कल भी तो निकलेगा ना, आंटीजी?"
बसला गर्दी, दुर्बीण शाळेच्या कपाटात ठेवून आले. घरी आले तर दुर्बिणीचा खिडकीजवळचा कोपरा... झाडून घेतला.

१० फेब्रु., मंगळ.
माघ वद्य नवमी. कॅलेंडरवर पेन्सिलीने त्यांचा फागुन लिहिला, डिसेंबरपर्यंत सगळे महिने लिहिले. मग पहिल्या बसने गेले.
चंद्र कालच्याहून थोडा बारीक, झाडापासून चांगला वर. सरोजजींनी दुर्बीण अंगणात आणून ठेवली होती, रुमाल तसाच. तो मी सोडला. गाठ आवळली होती, दात लावावे लागले. टेप नेली होती पिशवीत. लावली नाही.
"घुमाइए," म्हटलं.
आणि कालचं पीठ चाळायला बसले, हळद वेगळी होते का बघायला. मागून सरोजजींचा आवाज, "हाय राम!" मग दोघींचा. मग, "आंटीजी, आप भी आओ, अपने हिसाब से घुमा लो."
पीठ चाळून होऊ दे, येते म्हटलं.