मुक्कामी गाडीचा हॉर्न

अण्णा, गेल्या आठवड्यात मी तुमचा हॉर्न माझ्या मोबाईलमध्ये घातला. हे वाक्य तुम्हाला कळायचं नाही, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात एकुलता एक फोन होता, तो पोस्टात, आणि तोही बहुतेक वेळा मुकाच असायचा. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. कुणी फोन केला की तो वाजतो, आणि कसा वाजावा हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. त्या वाजण्याला रिंगटोन म्हणतात. कुणाचा फोन भजन म्हणतो, कुणाचा कोंबड्यासारखा आरवतो, आणि आमच्या डॉक्टरांचा तर भर राउंडमध्ये तान्ह्या लेकरासारखा खिदळतो. माझा मात्र दुकानातून आणला तसा नुसता टिणटिण करायचा. तुमची लेक आता परभणीत दवाखान्यात मोठी सिस्टर आहे, अण्णा. नव्या पोरी मला बघून खुर्चीतून उठतात. बाळंतपणाच्या खोलीत हातात मोजे, समोर कळा सोसणारी बाई, आणि बाहेर टेबलावर फोन टिणटिणतोय. तो घरचा की मोठ्या डॉक्टरांचा, हे कळायला मार्ग नाही. पुण्याहून सुट्टीला आलेली माझी लेक म्हणाली, "आई, प्रत्येक नंबरला वेगळी रिंगटोन लावता येते. फोन न बघता कळेल कोण आहे ते." मी निवडत होते ती भाजी बाजूला सारली. म्हटलं, अगं, ही युक्ती तर अण्णांची. आपल्याकडे ती फोनच्या कितीतरी आधी निघाली.

लेकीनं मला फोनवरच हॉर्नांची रांग ऐकवली. ट्रकचे, आगगाडीचे, परदेशी मोटारींचे. तुमचा एकही नाही. तुमच्या लाल गाडीचा तो जाडजूड, घोगरा, सर्दी झालेल्या म्हशीसारखा आवाज कुणी जपून ठेवलेला दिसत नाही. शेवटी आमच्या गल्लीत येणारा कुल्फीवाला सापडला. त्याच्या गाड्यालाही तसाच पितळी कर्णा आणि मागे काळा रबरी फुगा, पण तुमच्या हॉर्नचं अगदी पिल्लू. "ताई, कुल्फी पाहिजे का हॉर्न?" असं त्यानं विचारलं. मी दोन्ही पाहिजे म्हटलं. भर दुपारी गल्लीत उभी राहून मी फुगा दाबतेय, लेक फोन धरून उभी, आणि शेजारच्या बायका खिडकीतून बघतायत की सिस्टरला झालंय तरी काय. पहिल्या वेळी त्यात कुत्रं भुंकलं, दुसऱ्या वेळी स्कूटर गेली, मग कुठे चांगला आला. पुढचं सगळं मी स्वतः शिकले, बरं का. आवाजाची एक नागमोडी रेघ दिसते, तिची दोन्ही टोकं बोटानं आत ओढायची, म्हणजे नको तो भाग गळून पडतो. आवाज जाड करायचीही सोय असते. ते करता करता कुल्फीवाल्याच्या पिल्लाची तुमच्या हॉर्नपर्यंत वाढ झाली. लेक म्हणाली, "आई, ही रिंगटोन नाही, हा रस्ता अडलाय." मी म्हटलं, असू दे. आमच्या शाळेचा रस्ता यानंच मोकळा केला होता.

आपल्या गावचा रात्रीचा मुक्काम दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला नको असायचा. रस्ता म्हणजे नुसती काळी माती, डास असे की गोधडीतून चावणारे, आणि सकाळी गाडी सुरू होईल याची खात्री नाही. तुम्ही तो मागून घेतलात, म्हणून तुम्हाला घरचं जेवण मिळायचं आणि मला घरासमोर उभी असलेली अख्खी एसटी. सकाळी ती धक्के खाऊन सुरू व्हायची, आडरस्त्यानं गावं घेत देवगाव फाट्याला लागायची आणि तिथून सेलूला. आम्हा पोरींची शाळा सेलूला. मी तुमच्या पाठीमागच्या सीटवर बसलेय, तुमचा उजवा हात खिडकीबाहेर जातोय, फुगा दाबतोय. पहिल्या गावाला दोन लांब. ओढ्यापलीकडच्या गावाला एक लांब आणि दोन तुटक. मळ्यातल्या घरांना नुसते तुटक तुटक. सपाट मुलूख, सकाळची वेळ, त्यामुळे एका गावचा हॉर्न पुढच्या गावात ऐकू जायचा. आधीच्या गावाचा ऐकला की पुढच्या गावची पोरगी वेणी घालायला बसायची आणि स्वतःचा ऐकला की दप्तर उचलायची. गाडीला टाइम असा नव्हताच, पण तुमच्यामुळे एकाही पोरीला पानपट्टीसमोर ताटकळत उभं राहावं लागलं नाही. त्या काळी सातवीनंतर पोरीची शाळा सुटायची ती अभ्यासानं नाही, त्या उभं राहण्यानं. कंडक्टरनं एकदा तुमची चेष्टा केली होती, की गाडी चालवता का सनई वाजवता. तुम्ही म्हणालात, "पोरीला रस्त्यावर उभं कामून करायचं? गाडी यायलीय हे तिला घरात बसून कळलं पाहिजे."

मग ती तक्रार आली. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांतली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली होती. गावातली आणि गावाबाहेरच्या आपल्या वस्तीतली माणसं पाण्यालासुद्धा वेळ टाळून जायची. आज बंद, उद्या रास्ता रोको, आणि तुमच्या गाडीच्या काचांना जाळी. अशात ओढ्यापलीकडच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमननं डेपोत लेखी दिलं, की हा ड्रायव्हर आपल्या लेकीसाठी आणि आपल्या वस्तीच्या पोरींसाठी हॉर्न बडवत गावाची झोप मोडतो. गंमत म्हणजे चेअरमनची स्वतःची लेक माझ्याच वर्गात होती आणि त्याच हॉर्नवर घरातून निघायची. डेपोनं हुकूम काढला, गावाच्या हद्दीत ड्रायव्हरनं विनाकारण हॉर्न वाजवू नये. मी संतापून तुम्हाला म्हटलं, उलट जास्त जोरात वाजवा. तेव्हा तुम्ही मला जे झापलंत ते अजून आठवतं. "वस्तीतली पहिली सरकारी नोकरी हाय ही. ती गेली तर तू बी घरी बसशील. गुमान बस." मी गुमान बसले, पण दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

हॉर्न थांबला आणि गाडी चोरासारखी गावात शिरून चोरासारखी बाहेर पडू लागली. पोरी धावत यायच्या, कुणाच्या वह्या रस्त्यात सांडलेल्या, कुणाला मागची धूळ तेवढी मिळायची. ज्या आधीपासून येऊन उभ्या राहायच्या त्यांच्या बापांना ते खपेना, आणि दिवसही तसे बरे नव्हतेच. "रस्त्यावर उभं ऱ्हावं लागत असंल तर बास झाली शाळा," हे गावातल्या बापानंही म्हटलं आणि वस्तीतल्याही. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. माझ्या मागच्या सीटा एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या, आणि एकदा घरी बसलेल्या पोरीचं पुढे काय होतं हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं. तुम्हीही आरशातून त्या सीटांकडे बघायचात. तेव्हा मला वाटायचं की तुम्ही घाबरलात. आता नोकरीची इतकी वर्षं काढल्यावर समजतं, की तुम्ही पोरींचं नुकसान आणि नोकरीची भीती दोन्ही एकाच वेळी गिळत होतात.

आणि मग ती सकाळ. ओढा ओलांडून गाडी चढाला लागलीय, आणि पहिल्याच घरासमोर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी काठी टेकून उभी आहे. चेअरमनची आई. तुम्ही ब्रेक दाबलात.

"आजी, सरका. टाइम व्हायलाय."

"आधी पोंगा वाजीव. माही नात येणी घालायलीय."

"हुकूम न्हाई, आजी. तुमच्या लेकानंच तक्रार केलीय."

"तक्रार करणारा मपल्याच पोटचा हाय, त्याचं मी बघते. हुकूम कुणाला हाय?"

"ड्रायव्हरला."

"मग मला तर न्हाई ना?"

असं म्हणून तिनं काठी कंडक्टरच्या हातात दिली, लुगड्याचा ओचा खोवला आणि तुमच्या दाराच्या पायरीवर चढली. तोल जायला लागला तशी तिनं एका हातानं तुमचा दंड घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं फुगा दाबला. त्या दिवसांत, अण्णा. पाण्याच्या वेळासुद्धा टाळायच्या दिवसांत. तुम्ही दोन्ही हात स्टेअरिंगवरून हलवले नाहीत, मी मागून बघत होते. हॉर्न तिला धड वाजवता आला नाही, एकच लांबलचक कण्हणं निघालं, आणि सगळी गाडी हसत सुटली. तुम्हीही हसलात. तिची नात एक वेणी घातलेली आणि एक मोकळी अशी धावत आली. म्हातारी उतरता उतरता म्हणाली, "उद्या पुन्हा वाजवीन. हळू घेत जा गाडी हितं."

बातमी गाडीबरोबरच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी मळ्यातली एक काकू उभी, पहिल्या गावात तिथल्या वस्तीतली एक आई. गावाच्या तोंडाशी तुम्ही गाडी हळू करायचात, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, आणि बाया पायरीवर चढून फुगा दाबायच्या. तुम्ही मान न वळवता शिकवायचात, "काकू, आधी लांब दाबा, मग तुटक." ओस पडलेल्या सीटा पुन्हा भरल्या. एक दिवस चेकिंगचे साहेब गाडीत होते. त्यांनी पुढे येऊन विचारलं, "हॉर्न कोण वाजवतंय?" तुम्ही म्हणालात, "पब्लिक, साहेब. माझे दोनी हात हितं हायत." साहेबांनी खिडकीबाहेर डोकावलं. पायरीवरच्या म्हातारीनं त्यांना विचारलं, "तुमाला बी वाजवायचाय का?" साहेब जागेवर जाऊन बसले. तो हुकूम कुणी मागे घेतला नाही, पण पुन्हा कुणी बाहेरही काढला नाही. काही महिन्यांनी तुमचा हात आपोआप फुग्यावर परत गेला.

तुम्ही हुकूम मोडला नाहीत, नोकरी राखलीत, आणि त्या वर्षी तुमच्या गाडीतली एकही पोरगी परीक्षेवाचून राहिली नाही. एक गणितात गेली, ती ऑक्टोबरात सुटली. एक पूर्णेला रेल्वेत लागली. चेअरमनची लेक मानवतला शिक्षिका आहे. मी ही अशी. कुणी मला विचारतं, तुमच्या घरात शिकलेलं कोण होतं, तेव्हा मी ताठ मानेनं सांगते की माझे वडील ड्रायव्हर होते, मुक्कामी गाडीवर. मला तुमचा फार अभिमान आहे. तो तेव्हाही होता, पण असं तोंडावर सांगायची आपल्या घरात रीत नव्हती.

चेअरमनची लेक रविवारी माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात ओट्यापाशी गप्पा चाललेल्या. मी तिला काही न सांगता म्हटलं, मला एक मिस्ड कॉल दे बघू. तिनं बटण दाबलं आणि माझा फोन वाजला, एक लांब, दोन तुटक, तिच्याच गावचा. अण्णा, ती उठून उभी राहिली. तिचे केस आता कापलेले आहेत, पिकलेही आहेत, पण हात सरळ मानेमागे गेला, जिथे वेणी असायची तिथे. "गाडी आली," असं म्हणाली आणि मग हसता हसता रडायला लागली. जाताना चपला घालताना मला म्हणाली, "अण्णांना सांग गं." आता कुठे सांगू? म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठेच नाही, त्यामुळे जे कुणालाच सांगितलं नाही तेही लिहून टाकते.

ती गेल्यावर माझ्या लेकीनं विचारलं, "आई, तुझा हॉर्न कोणता? मी माझ्या फोनमध्ये तुझ्या नावाला लावते." मी तोंड उघडलं आणि काही आठवेना. आठवणार कुठून? गाडी निघायची आपल्याच दारातून. ती सुरू व्हायच्या आधी मी तुमच्या पाठीमागे बसलेली असायचे. सगळ्या गावांच्या पोरींना तुम्ही बोलावलंत, आणि जिच्यासाठी वाजवता म्हणून तक्रार झाली तिच्यासाठी एकदाही वाजवला नाहीत. मला त्या पोरींचा हेवा वाटायचा, अण्णा. फार वाटायचा. लेक फोन हातात घेऊन थांबली होती. मी पटकन सांगितलं, "एक तुटक, मग एक लांब, मग पुन्हा एक तुटक." तो कुठल्याच गावाचा नाही, मी जागेवर रचला. तिनं तो लावून घेतला. आता मी फोन केला की पुण्यात तो वाजतो, आणि तिला वाटतं की माझे अण्णा मला रोज असे बोलवायचे. मी तिला तसंच वाटू देणार आहे.