खोलीत मी असेपर्यंत

३ मार्च, सोमवार
कंपनी विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं! रॉटरडॅमची मोठी कंपनी आहे. टोबेना आणि मी खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर जाऊन नुसती कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो. पाच वर्षं त्याने याच दिवसाची वाट पाहिली. पाइप आतून कुठे गंजलाय ते आवाजावरून ओळखणारं सॉफ्टवेअर त्याचं, मी त्याची पहिली नोकर. त्याच्या देशात, पोर्ट हारकोर्टच्या रिफायनरीत पाइप फुटून त्याचे वडील गेले. तेव्हापासून डोक्यात हेच.

६ मार्च
खरेदीदारांची माणसं आली. उत्तरं टोबेना देत होता, ते माना हलवत होते माझ्याकडे बघून. नवीन नाही. इथे जुरोंग आयलंडवरच्या आमच्या ग्राहकांच्या कारखान्यांतही हेच व्हायचं. काळ्या माणसावर विश्वास ठेवायला लोक वेळ लावतात, माझ्यावर कमी लावतात — म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच म्हटलं, मीटिंगना मी एकटी जाते, कामं पटापट होतील. त्याने लॅपटॉप मिटला. मग ठीक आहे म्हणाला.
मला वाटलं, मी मदत केली.

११ मार्च
खरेदीदारांनी आमच्या ग्राहकांना फोन केले. सगळे म्हणाले, कंपनी संजीवनीची, म्हणजे माझी. एकाने तर विचारलं, टोबेना कोण?
आता त्यांचं म्हणणं — प्रमुख मी. टोबेनाने पैसे घेऊन बाजूला व्हायचं.
माझा नवरा सारंग म्हणतो, वाहत्या गंगेत हात धुऊन घे. त्याचा आणि आमच्या लेकीचा, गार्गीचा, इथे राहायचा पास माझ्या नोकरीवर. लाज याची वाटते की क्षणभर मलाही पटलं.

१३ मार्च
सकाळी रॉटरडॅमला लिहून टाकलं. कंपनी त्याची, कल्पना त्याची, मी पगारी नोकर. दुपारी मोठ्या तोऱ्यात टोबेनाला सांगितलं.
तो म्हणाला, "हेही तूच बोललीस."
खरंच. त्याला विचारायचं सुचलंच नाही मला!

१७ मार्च
रॉटरडॅमचं उत्तर — प्रामाणिकपणा आवडला, तरी प्रमुख म्हणून मीच हवी. मी असेन तर टोबेनाची गरज नाही.
टोबेनाने लंडनला फोन लावला. घानाची एक बाई, दोन वर्षांपूर्वी स्वतःची कंपनी विकलेली. तिने वकिलाचं नाव दिलं, काय काय विचारतील ते सांगितलं. आणि बजावलं, विकायला बसशील तेव्हा तुझ्या जागी दुसरं कुणी दिसता कामा नये.
फोन ठेवल्यावर मी विचारलं, मी काय करू?
त्याने वकिलाचं नाव लिहून घेतलं.
"तू खोलीत असेपर्यंत ते तुझ्याकडेच बघणार, संजीवनी."
हे तो रागाने म्हणाला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

२० मार्च
राजीनामा दिला. पास रद्द झाला की तीस दिवसांत आम्हा तिघांना देश सोडायचा.
टोबेनाने थांब म्हटलं नाही.