डिटेक्टरच्या आठवणीतली नथ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, पिंपळवेल बुद्रुक, जि. जळगाव.

विषय : क्ष-किरण यंत्राचा डिटेक्टर पुन्हा कॅलिब्रेट करून मिळणेबाबत व परिचर श्रीमती ताईबाई बोरसे यांची नोटीस मागे घेणेबाबत.

संदर्भ : श्रीमती बोरसे यांना बजावलेली कारणे दाखवा नोटीस, दि. १३ ऑगस्ट २०२५.

महोदय,

"पोरी, फोटो काढाना पहिले टेबलवर हात फिराव. डोया फसाडतस, हात नई." धुळ्याला शिकत असताना आमचे गुरू जीवरामआबा हे रोज बजावत. तेव्हा फिल्म होती, अंधारखोली होती. आबांचे बोलणे सरकारी अर्जात का, असे आपणांस वाटेल. ते पुढे लागणार आहे.

१. सोमवार दि. ४ ऑगस्ट रोजी, म्हणजे आपल्या खानदेशच्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या दिवशी, कंपनीचे अभियंते कॅलिब्रेशनसाठी आले. कॅलिब्रेशन म्हणजे डिटेक्टरला कोरेपण शिकवणे. टेबल मोकळे ठेवून किरण सोडायचे. यंत्र मनाशी धरते की रिकामे ते असे दिसते, आणि पुढे प्रत्येक फोटोतून तेवढे वजा करते. त्या दिवशी टेबलावर एक नथ राहिली होती. यंत्राने तीही रिकाम्यातच धरली.

२. तेव्हापासून प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नथ उमटते. अंगावरचा दागिना फोटोत पांढरा दिसतो. ही काळी दिसते, कारण ती कोणाच्या अंगावर नाही, यंत्राच्या आठवणीत आहे. श्री. तोताराम (वय ६४, मिशा भरघोस) यांच्या गुडघ्याशेजारी ती आली. "अंगवरनं बठ्ठं काढेल व्हतं ताई, करदोडासुद्धा!" असे ते कळवळून सांगतात. 'मग ही कोणाची?' एवढेच विचारून त्यांच्या पत्नी बोदवडला माहेरी गेल्या आहेत.

३. पुढे कोणीतरी म्हणाले, ही कानबाईचीच नथ. झाले. फैजपूर-चोपड्याहून धडधाकट माणसे येऊन नथीपुरता फोटो मागू लागली. विनाकारण किरण देता येत नाहीत म्हटले, तर "मग टेबलवर नुसतं डोकं टेकू द्या" म्हणतात. शुक्रवारी दाराशी अकरा नारळ फुटले. खुंटीवरच्या शिशाच्या एप्रनची एका बाईने ओटी भरली. ते खण-तांदूळ कार्यालयात जमा केले आहेत. या गर्दीपायी खऱ्या रुग्णांना मात्र जळगावला पाठवावे लागते. परवा मोडलेला हात गळ्यात बांधून एक आजी एसटीने गेल्या. त्यांच्याकडे मला बघवले नाही.

४. त्या सोमवारी ताईबाईंनी कक्षात कानबाईच्या रोटांचा प्रसाद वाटला. तेवढ्यावरून नथही त्यांनीच पूजेसाठी यंत्रावर ठेवली, असे चौकशीत ठरले. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले आहेत. विचारले तेव्हा त्या "माले काय माहीत, साहेब" एवढेच बोलल्या. हे खरे नाही. त्यांना माहीत होते.

५. अभियंते गेल्यावर टेबल पुसताना नथ ताईबाईंना सापडली. ती पदराच्या गाठीत बांधून त्यांनी जिची होती तिला (यापुढे 'सदर व्यक्ती') आणून दिली आणि म्हणाल्या, "हाई तुमनी शे. आते नाकमा नको, पिशवीमा ठेवा." सदर व्यक्तीच्या कराराची मुदत याच महिन्यात संपते, हेही त्यांना माहीत होते. म्हणून त्या गप्प राहिल्या. सदर व्यक्तीही गप्प राहिली.

६. तरी नवीन कॅलिब्रेशनसाठी कंपनीस पत्र द्यावे (पासवर्ड त्यांच्याकडे असतो), ताईबाईंची नोटीस मागे घ्यावी, आणि श्री. तोताराम यांच्या पत्नीस कार्यालयाच्या शिक्क्यानिशी खुलासा पाठवावा, ही विनंती. सोबत फोटोंच्या चार प्रती व मूळ नथ जोडली आहे. ताडून पाहावी.

महोदय, मी विसर्जनाहून तशीच ड्युटीवर आले होते. दिवसभर बायांना 'अंगावरचं सगळं काढा' सांगणारी मी. सवयीने स्वतःचेही काढले, टेबलावर ठेवले आणि अभियंत्यांच्या घाईत हात फिरवायला विसरले. पहिल्याच फोटोत मी ती ओळखली होती. नथ माझी आहे.

सोळा दिवस उशिरा खरे सांगणारी, आपली

मेघा योगेंद्र भदाणे
क्ष-किरण तंत्रज्ञ (कंत्राटी)
दि. २० ऑगस्ट २०२५