तिसाकाठचं विरजण

ॲन आर्बर,
८ मार्च २०२५

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझा पाय कसा आहे? बर्फात सायकल काढू नकोस असं आपल्या लॅबच्या मावशींनी, इलोना नेनींनी, तुला कितीदा बजावलं, पण ऐकशील तर शपथ. इथलाही बर्फ अजून हलायचं नाव घेत नाही. बसची वाट बघताना नाक जागेवर आहे ना, हे चाचपून बघावं लागतं.

यतीन घरूनच काम करतो आणि तासातासाला चहा करतो. नेत्राला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्लिशमध्ये देते.

तुझी स्फटिकांची कुपी पोचली. रीतसर कागद जोडले होतेस म्हणून कुणी अडवली नाही. हंगेरी सोडताना नेनींनी अशीच कुपी माझ्या हातात ठेवली होती, आणि पांढरी पूड बघून कुणी मला आत टाकेल या भीतीनं मी ती विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. रसायनशास्त्रात पीएचडी झालेली बाई! फोनवर आपण दोघी किती हसलो होतो. नंतर इथं तिच्यावाचून अडलं, तेव्हा हसू आलं नाही.

झालं असं, की आपला पदार्थ इथल्या लॅबमध्ये थिजेचना. कृती तीच, भांडी तिकडच्यापेक्षा भारी, पण दर वेळी हाती लागायची चिकट काकवी. आमच्या कराडकडे बिघडलेल्या गुळाची होते तशी. माझंच काही चुकतंय असं वाटून मी फ्लास्क आणखी घासायचे, आणखी तापवायचे. नेनी काय करायच्या, ते इतकं बघूनही विसरले. ज्या फ्लास्कमध्ये एकदा स्फटिक धरले, तो त्या कधीच लख्ख धुवायच्या नाहीत. तळाशी कणभर राहू द्यायच्या, पुढच्या खेपेला बी म्हणून. तू आल्या आल्या त्याला विरजण म्हणालीस, आणि मग त्याही ‘विर्जान’ म्हणायला लागल्या. त्या खोलीच्या हवेतसुद्धा ते कण असणार. तिथं आपलं कधी अडलं नाही, आणि मला वाटत राहिलं की तो माझ्या हाताचा गुण आहे.

मंगळवारी तुझ्या कुपीतला एक कण सोडला. आधी धुरकट ठिपका दिसला, मग त्याच्याभोवती सुया फुटल्या, आणि बघता बघता सगळं घट्ट झालं. शेजारच्या टेबलावर देवांग असतो, इथंच जन्मलेला मराठी मुलगा. तो म्हणाला, “नीलांबरी, व्हॉट डिड यू पुट इन देअर?”

“विरजण,” मी म्हटलं. त्यानं आईला फोन करून अर्थ विचारला.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानं नाही.

कुपीबरोबरच्या चिठ्ठीत तू एवढंच लिहिलं होतंस, “बी पाठवलंय, आता उत्तर पाठव. तुझा लॅबचा कोट अजून खुंटीवरच आहे.” आणि मी इथं बर्फ आणि चहा लिहीत बसलेय. उत्तर काय आहे, ते तुला एव्हाना कळलं असेल.

नेनी जूनमध्ये निवृत्त होतात. त्यांच्या जागेवर मी आले तर लॅब राहते, आणि लॅब राहिली तर तुझी नोकरी राहते. नाहीतर त्या खोल्या दुसऱ्यांना जातील आणि तुला औषधांच्या कारखान्यात जावं लागेल. हे मला पुरतं ठाऊक आहे, विनू. भाजी चिरतानाही तेच डोक्यात असतं.

फोनवर मी यतीनच्या ग्रीन कार्डाचं कारण दिलं, नेत्राच्या शाळेचं दिलं. ते खरं नव्हतं. यतीन म्हणाला होता, “अगं, जाऊ या ना. ग्रीन कार्डचं बघू नंतर. एवढा काय विचार करतेस यार?” नेत्रानं फक्त विचारलं, “विल देअर बी स्नो?” हो म्हटल्यावर ती खूश. दोघंही तयार आहेत. मीच तयार नाही.

तिकडे आले तेव्हा दुकानात दूध कुठलं आणि ताक कुठलं, तेही कळत नव्हतं. हळूहळू ती भाषा आली, लांगोशवाली बाई न सांगता माझ्या तळलेल्या पोळीवर लसूण जास्त घालायला लागली, आणि मी निघाले. इथं पुन्हा पहिला धडा. आता कुठे बसचा ड्रायव्हर मला धावताना बघून थांबतो. तू म्हणशील, तिसा नदीचा काठ तुला नवा थोडाच आहे. पण तिथं रमलेली मुलगी आता मी राहिलेले नाही, आणि पुन्हा सगळं उचलून मांडायची माझ्यात ताकद उरली नाही. मी येत नाही, विनू. तुझ्या वाट्याला काय येणार हे कळत असूनही येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते वाटत राहणार.

विरजण मागून नेलं की शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, असं आमच्या आईचं होतं. तुझी कुपी इथं झालेले स्फटिक भरून परत पाठवतेय, तुझ्यासारखेच रीतसर कागद जोडून. जाशील तिथं ती जवळ ठेव. नेनींना तू काही सांगू नकोस. उद्या रविवार आहे, मीच फोन करते. त्या जे म्हणतील, ते मीच ऐकायला हवं.

आणि खुंटीवरचा माझा कोट आता उतरव.

तुझी,
नीलू