बाबांचा कॉम्प्युटर सुरू करू नकोस

दादा,

बाबांचा कॉम्प्युटर सुरू करू नकोस. वायर मी काढून ठेवली आहे, ती शोधूही नकोस.

डिस्क भरली म्हणून बाबांचं घड्याळदुरुस्तीचं पुस्तक मी पेनड्राइव्हवर घेतलं आणि मूळ फाइली काल पुसल्या. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. आज पेनड्राइव्ह उघडला तर आत नुसते शॉर्टकट. म्हणजे दारावरच्या पाट्या तेवढ्या उचलल्या, घर तिथेच राहिलं. तुला ‘दोन क्लिकमध्ये वाट लावशील’ म्हणणारी मीच. हसायचं ते नंतर हस.

पुसलेल्या फाइलची फक्त नोंद जाते. त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर डिस्कवर असतो. पण कॉम्प्युटर नुसता सुरू केला तरी काहीबाही लिहीत बसतो. मजकूर बाहेर काढायला दुसरी डिस्क लागेल, ती आणायला ऑफिसात धावते आहे. सहापर्यंत येते. तीन वर्षांचं काम आहे आणि दुसरी प्रत नाही.

बाबा चारला लिहायला बसतील. त्यांना खरं काय ते सांग, माझं नाव घेऊन. आजचं पान चुकवायला ते तयार होणार नाहीत. हाताच्या कंपामुळे त्यांना पेन धरवत नाही, तेव्हा ते सांगतील आणि तू कागदावर उतरवून घे. ‘अक्षर आहे की कोंबडीचे पाय?’ असं म्हणतील. ऐकून घे. महिन्याभरात ते तुझ्याशी बोललेले नाहीत, निदान तेवढं तरी बोलतील.

धाकटी