निमंत्रितांच्या खुर्च्या

४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पोस्टरवर काळं जाकीट घालून दात विचकत उभी आहे त्या बाईला आशीर्वाद पोचतात की नाही, कोण जाणे. वाटेत कुठे माझी भाची भेटली तर तिने ते घ्यावेत.

पोस्टर हॉलच्या दारावर लागलं, म्हणजे माझ्या तिकीट-खिडकीच्या बरोबर समोर. दिवसभर तू माझ्याकडे बघून ओरडत असतेस. बारा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये तुमच्या बँडचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा ऐकायला आलेले लोक मोजायला माझी बोटं पुरली होती. त्यातलीच एक शाळेच्या बसची ड्रायव्हर बाई. तुमचे स्पीकर तिनेच शाळेच्या बसमधून आणून टाकले होते आणि पैसे विचारल्यावर रागावली होती. ती रोज मुलांना सोडून परतताना खिडकीशी थांबते आणि विक्री कधी ते विचारते. शनिवारी, असं मी रोज सांगते. तिकीट बारा वर्षांपूर्वीच्याच दराने मिळणार म्हटल्यावर तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

पेपरात माझा फोटो आला. गायिकेची मावशी खिडकीवर, तिकीट जुन्या दरात, वगैरे. मी घुबडासारखी दिसते. पण दर न वाढवण्याचा हट्ट तुझा, असं खाली छापलं आहे, म्हणून कात्रण जपून ठेवलं.

तुमच्या कंपनीच्या माणसाने काही तिकिटं निमंत्रितांसाठी बाजूला काढायला सांगितली. प्रत्येकावर 'निमंत्रित, विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारून, निळ्या लोकरीने गठ्ठे बांधून मी ते त्याच्या हवाली केले. 'काही' म्हणजे केवढी, ते बघून दचकलेच. तुझे एवढे निमंत्रित कोण गं? लग्नबिग्न ठरवलं असशील तर घरच्यांनाही कळव. खिडकीवर विकायची बाकीची तिकिटं शनिवारी सकाळी येतील म्हणाला.

फोन नको करूस. फोनवर तू हं हं म्हणतेस आणि पलीकडे कुणाला तरी खुणा करतेस. पत्रात तू पूर्ण असतेस.

घसा जप. माझ्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी मावशी


९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

लग्न ठरलेलं नाही. निमंत्रित म्हणजे जाहिरातदार, पेपरवाले आणि त्यांची खटली. हे सगळं आमचा मॅनेजर बघतो. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो, कारण तो आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं आणि त्याचं काही चुकत नाही.

बसमध्ये लिहिते आहे, अक्षर समजून घे. तुला वाटतं मी मजेत आहे. मावशी, इथे गाणं सोडून सगळं विकलं जातं. गाणी आता कुणी विकत घेत नाही. फोनवर लाखभर लोकांनी ऐकलं की आम्हा पाच जणांचं एक वेळचं जेवण सुटतं. म्हणून गावोगाव हिंडायचं. आमचे चेहरे छापलेले शर्ट दारात विकतो, त्यातला तिसरा हिस्सा हॉलवाला कापून घेतो, का तर टेबल त्याचं. कार्यक्रमाआधी फोटोची रांग असते, तिचे पैसे वेगळे. माणसाने आत यायचं, आमच्या मध्ये उभं राहायचं, हसायचं आणि निघायचं. काल एका बाईने भरून येऊन मला मिठी मारली, तर रक्षकाने तिला सोडवून बाजूला केलं. जावईबापूंनी नंतर मला समजावलं की मिठीचा दर निराळा आहे. मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.

आपल्या हॉलमध्ये यायची मी दिवस मोजून वाट बघते आहे. बसवाल्या बाईंना सांग, पहिल्या कार्यक्रमातलं ते रडकं गाणं त्यांच्यासाठी म्हणेन.

थोडं रागावत, थोडं लाडावत राहा.

तुझी भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

शनिवारचं ऐक. रांग हॉलला वळसा घालून मागच्या दारापर्यंत गेली होती. लोक घडीच्या खुर्च्या घेऊन आले होते. मी चहाचा कप बाजूला ठेवून खिडकी उघडली आणि चहा गार व्हायच्या आत माझ्याजवळची तिकिटं संपली. कंपनीचा माणूस बाकीची घेऊन येणार होता. तो आला नाही आणि त्याने फोनही उचलला नाही.

बसवाली बाई एवढी जवळ होती की हात लांब केला असता तर काचेला लागला असता. मी संपली म्हटलं, तर ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

तेवढ्यात मागच्या कुणीतरी काचेला फोन लावून मला दाखवला. याच हॉलची, याच कार्यक्रमाची तिकिटं, सहापट दराने, पाहिजे तितकी. रांगेतून आवाज आला की म्हातारीने मागच्या दाराने विकली. पेपरात फोटो आलेली म्हातारी मीच, दुसरी शोधायला लागली नाही. बसवाली बाई पाठ फिरवून रांगेतून निघून गेली. सोमवारपासून ती रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

मला अगदी शिसारी आली आहे. तुझ्या नावावर हे गिधाडांसारखे जेवतात आणि तुला पत्ता नाही. कोण आहेत ते शोध. तुझ्या जावईबापूंना कामाला लाव.

काळजी घे. माझा राग त्या लोकांवर आहे, तुझ्यासाठी माया तशीच.

मावशी


२१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. हे लोक फार हुशार असतात गं, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, पोलिसांनाही सापडत नाहीत. जावईबापूंच्या कानावर घातलं आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, दोन दिवसांत लोक विसरतील.

सोबत बसवाल्या बाईंसाठी एक पास पाठवते. त्यांना म्हणावं, माझ्याकडून.

घसा बरा आहे. इकडे हवा कोरडी आहे. घाईत आहे, राग धरू नकोस.

भिंगरी


२५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हवा कोरडी आहे हे कळलं.

काल कोपऱ्यावरचा चष्मेवाला आला. त्याने बायकोच्या वाढदिवसासाठी सहापट पैसे मोजून दोन तिकिटं घेतली होती, ती खरी आहेत ना बघा म्हणाला. खरीच आहेत. मागे माझाच शिक्का होता, 'निमंत्रित, विक्रीसाठी नाही'. शाई कमी होती म्हणून मी दोनदा दाबला होता, तो दुहेरी ठसाही तसाच. चष्मेवाल्याने भिंग काढून तो वाचला आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेपेक्षा त्याने शिवी दिली असती तर बरं.

म्हणजे गिधाडं कुठे बाहेर नव्हती. गठ्ठे मी स्वतः बांधून तुमच्या माणसाच्या हातात दिले होते.

हॉलच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला आहे. इतकी वर्षं काचेच्या भोकातून लोकांशी बोलले, पण माझ्याशी बोलताना कुणी आवाज दाबला नव्हता. आता मी दिसले की दाबतात.

तुझा पास मी बसवाल्या बाईच्या घरी घेऊन गेले. तिने तो हातात घेतला नाही. म्हणाली, तुम्ही विकून टाका, चांगले पैसे येतील.

एकच विचारते. तुला माहीत होतं का? कॉम्प्युटर, पोलीस, हवा काही नको. हो किंवा नाही.

मावशी


३० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हो.

सगळं सांगते, मग काय म्हणायचं ते म्हण. गेल्या वर्षीच्या दौऱ्यात आम्ही बुडालो. ट्रक, दिवे, विमा, माणसं, हॉलची भाडी, सगळं देऊन झाल्यावर ड्रमवाल्याचं घर गहाण पडलं. तेव्हा जावईबापूंनी हा मार्ग काढला. तिकिटाचा दर वाढवला तर लोक आपल्याला हावरट म्हणतील. म्हणून दर जुनाच ठेवायचा, मूठभर तिकिटं खिडकीवर विकायची, त्याचा गाजावाजा करायचा आणि उरलेली दुसऱ्याच्या नावाने आपणच चढ्या भावाने विकायची. लोक शिव्या काळाबाजारवाल्याला देतात आणि पैसे आपल्याकडे येतात. असा काळाबाजारवाला कुणी नाहीच, मावशी. तो आम्ही आहोत. सगळेच मोठे असं करतात, असं त्यांनी सांगितलं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हे जास्त वाईट.

आणखी एक. पेपरात तुझा फोटो द्यायची कल्पना जावईबापूंची नव्हती. माझी होती. मला वाटलं, तुझ्या चेहऱ्याकडे बघून कुणाला शंका येणार नाही.

कार्यक्रम होईपर्यंत गप्प राहा, एवढंच मागते. नंतर मी साहेबांशी स्वतः बोलेन. तुझी नोकरी जाऊ देणार नाही.

तुझ्या पाया पडायलाही लाज वाटते.

भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन थांबलं. नंतर कधीतरी.

आज सकाळी खिडकीच्या काचेवर मी एक कागद चिकटवला. लिहिलं की या कार्यक्रमाची बहुतेक तिकिटं बँडच्या कंपनीने निमंत्रितांच्या नावाखाली स्वतःच ठेवून घेतली आहेत आणि सहापट दराने तीच विकली जात आहेत, चौकशी तिकडे करावी. खाली माझी सही. तुझं नाव घालणार होते, पण हात चालला नाही. त्याबद्दल मला माझाच राग आहे.

साहेबांनी तासाभरात कागद खरवडून काढला. तोवर बऱ्याच जणांनी वाचला होता. मला खिडकीवरून काढून कोट सांभाळायच्या खोलीत बसवलं आहे. तू कुणाशी बोलू नकोस. नोकरी माझी आहे.

मावशी


१० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कार्यक्रमाला आले आणि तुला न भेटता गेले. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. कोट ठेवायच्या खोलीचा दिवा दिसत होता.

तू आत नव्हतीस म्हणून सांगते. पुढच्या रांगा रिकाम्या होत्या. सहापट दराने सगळी खपली नाहीत. सुरू व्हायच्या आधी मी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि जावईबापूंना म्हटलं की बाहेर गल्लीत लोक बसलेत, त्यांना आत घ्या. ते म्हणाले, पैसे मोजलेल्यांना काय वाटेल? रिकाम्या खुर्च्या चालतील, स्वस्त खुर्च्या नकोत. मग त्यांनी दिवेवाल्याला सांगून पुढचा भाग काळोखात टाकला, म्हणजे मला त्या दिसू नयेत. ते आणखी दोन शब्द बोलले तर मी त्यांना मारीन असं मला वाटत होतं. ते बोलले, आणि मी जाऊन गायले.

गाण्यांच्या मध्ये मी काय बोलायचं तेही लिहून दिलेलं असतं. तुझे आभार मानायचे होते, खिडकीवरची माझी मावशी म्हणून. तिथे आले आणि तोंड उघडेना. ड्रमवाल्याने सांभाळून घेतलं आणि पुढचं गाणं सुरू केलं. ते रडकं गाणं. काळोखाकडे बघून म्हटलं. आवाज अगदी छान लागला होता, याची मला किळस येते.

काल पुढच्या गावाचा करार आला. निमंत्रितांच्या तिकिटांचं तेच कलम त्यातही असणार. मी वाचला नाही, सही केली. वाचला असता तर करता आली नसती.

हे तुला का सांगते आहे, कळत नाही. दुसरं कुणी नाही म्हणून असेल.

भिंगरी


१४ एप्रिल

चि. भिंगरीस,

त्या संध्याकाळी सगळ्यांचे कोट टांगून झाल्यावर मला काम नव्हतं. खोलीचं मागचं दार गल्लीत उघडतं. शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि पायऱ्यांवर आपले रांगेतले पंधरा-वीस जण बसले होते. चष्मेवालाही होता. तिकिटं खिशात असून आत गेला नव्हता, आणि त्याची बायको त्यावरून त्याच्याशी भांडत होती. बसवाली बाई सरकली आणि तिने मला जागा केली. माफी वगैरे काही नाही. डब्यातलं सफरचंद अर्धं करून दिलं.

भिंतीतून तुझा आवाज येत नाही, भिंगरी. नुसती धडधड येते. पण तिला तुमची सगळी गाणी पाठ आहेत. धडधडीवरून ती गाणं ओळखायची आणि वरचे शब्द स्वतः म्हणायची, रस्त्यावर बस वळवताना ओरडते तशा आवाजात. हळूहळू बाकीचेही म्हणायला लागले. त्या रडक्या गाण्याला मीसुद्धा. मला ते येतं, हे मलाच माहीत नव्हतं. तू आत काळोखाला ऐकवत होतीस तेव्हा आम्ही ते बाहेर म्हणत होतो. बेसूर होतं. मला तिथून उठावंसं वाटलं नाही.

न खपलेली तिकिटं सोमवारी कंपनीने परत पाठवली. खिडकीवरच्या नव्या मुलीने ती माझ्याकडे आणली, फाडून टाकायची म्हणून. त्यात पहिल्या रांगेचा गठ्ठा आहे. माझी निळी लोकर आणि माझी गाठ, जशी बांधली तशीच. कुणी उघडलासुद्धा नाही. बाकीची मी फाडली. तो गठ्ठा सोबत पाठवते आहे. करार तू वाचत नाहीस, तर हा सोड आणि एकेक तिकीट हातात घेऊन बघ. मधल्या खुर्चीचं काढून ठेव. ते खरं तर बसवाल्या बाईचं होतं.

सही केलीस ते वाचून मी पत्र टाकून उठले आणि भांडी घासत बसले. मला तुझी किळस आली, असं लिहिणार होते. आली होती. पण भांडी घासताना डोक्यात हेच की तुझा घसा आता कसा असेल. तुझ्यावरचा जीव कमी झाला असता तर एवढा त्रास झाला नसता. तो काही कमी होत नाही.

अ. आ. वर राहून गेले होते, म्हणून इथे लिहिते.

तुझी मावशी