लाल ओळींचा नायनाट

सोमवार, ३ मार्च
दातांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर अखेर माझ्या हातात आलं. पेशंटला अपॉइंटमेंट द्यायची, एवढंच त्याचं काम. ते लिहिणारे सद्गृहस्थ वरच्या मजल्यावर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेले. ऑफिस त्यांना उस्ताद म्हणतं. कशाबद्दल, देव जाणे. साहेब म्हणाले, थोडे बदल करून पुढच्या सोमवारी दवाखान्यात चालू करा, जमलं तर टीम लीडचं बघू. 'बघू' म्हणजे झालंच. बायकोला सांगून टाकलं. तिनं लगेच तिच्या बाबांना कळवलं. सासरे भेटले की विचारतात, सध्या काय चाललंय तुमचं? आता विचारा म्हणावं.

मंगळवार, ४ मार्च
प्रोजेक्ट उघडला. बिल्ड केला, म्हणजे सगळा कोड जुळून चालतो का ते पाहिलं. स्क्रीनभर एररच्या लाल ओळी. पॅकेजेस गायब! म्हणजे कॅलेंडर, एसएमएस, छपाई असले दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे. त्यांची नावं यादीत आहेत, माल एकाचाही नाही. जेवायला बोलावून रिकामी ताटं मांडण्यातला प्रकार. असल्या माणसाला पगार कोण देतं?
शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली, आपल्या ऑफिसच्या सर्व्हरवर असतील, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता घातलास का, नाहीतर उस्तादांना विचार. टेस्टरनं टेस्टिंग करावं. आणि त्यांना विचारायचं म्हणजे त्यांना आणखी डोक्यावर बसवायचं.

बुधवार, ५ मार्च
नेटवरून मिळतील ती पॅकेजेस उतरवली. सगळी लेटेस्ट. लाल ओळी वाढल्या. वाढणारच. त्यांचे झाकलेले घोळ मी उघडे पाडतोय.
उद्यापासून चहा कमी.

गुरुवार, ६ मार्च
साहेब येऊन गेले. नव्वद टक्के झालंय म्हटलं. उरलेले दहा टक्के म्हणजे बिल्ड होणं.
दुपारी तिसऱ्या चहाला उपाय सुचला. जी पॅकेजेस नाहीतच, त्यांची नावं यादीत ठेवायची कशाला? पुसली. त्या नावांपुढचे इशाऱ्याचे पिवळे त्रिकोण खलास. लाल ओळी आहेत, पण स्क्रीन मोकळी मोकळी वाटते.

शुक्रवार, ७ मार्च
लाल ओळी एकेक करून बंद केल्या. एसएमएस बंद. हल्ली वाचतं कोण? छपाई बंद. तेवढाच कागद वाचला. कॅलेंडर मात्र मेलं जागोजागी घुसलेलं. तिथे स्वतःचा कोड लिहिला: रिकामी वेळ कुठली असं विचारलं, की उत्तर दहा. एक ओळ! उस्तादांना त्यासाठी अख्खं पॅकेज लागत होतं. अर्थात हे तात्पुरतं. नंतर बघू.
संध्याकाळी बिल्ड झाला. एरर शून्य. साहेबांनी पाठ थोपटली. टेस्टर म्हणाली, दोन दिवस द्या, तपासते. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शून्यात काय तपासणार? या बाईला माझं चांगलं बघवत नाही.

सोमवार, १० मार्च
दवाखान्यात चालू केलं. दिवसभर एकही तक्रार नाही. सासऱ्यांची दाढ ठणकतेय. त्यांना तिथेच उद्याची वेळ मिळाली, चटकन. बायको म्हणाली, बाबा सगळ्यांना सांगतायत, हे आमच्या जावयानं केलंय. तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. खरंच.

मंगळवार, ११ मार्च
बायकोचा फोन. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांना दहाचीच वेळ. बाबा गालाला हात लावून जिन्यात उभे. लोकांनाही काही शिस्त नाही. वेळ एक असली म्हणून सगळ्यांनी यायचं?
डॉक्टरीणबाईंनी साहेबांना काय ऐकवलं ते मला दाराबाहेर ऐकू आलं. साहेबांनी उस्तादांना खाली बोलावलं. त्यांनी जुनी प्रत काढली, सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता घातला, एक बटण दाबलं. सगळी पॅकेजेस खाली उतरली. खुर्चीवरसुद्धा बसले नाहीत. नुसता भाव खातात.

बुधवार, १२ मार्च
टेस्टर टीम लीड झाली. मला ते पद नकोच होतं. माझ्यावर लोकसंपर्काची जबाबदारी आली आहे. म्हणजे काल परत गेलेल्या पेशंटना दवाखान्याच्या फोनवरून फोन करायचा, माफी मागायची, नवी वेळ द्यायची.
यादीत सासरे होते. आवाज जाड करून बोललो. त्यांनी विचारलं, हा घोळ कुठल्या गाढवानं घातला? मी म्हटलं, आधी एक माणूस होता, त्यानं. आता त्याला काढलंय.
ते म्हणाले, असू द्या जावईबापू, मी कोणाला सांगत नाही. दाढ फार ठणकतेय, किती वाजता येऊ तेवढं सांगा.